हुशार मुलांच्या तुकडीतला मुलगा वह्या-प्रकल्पांत मागे पडतो, त्याला साध्या वर्गात परत घालावं का?

नका घालू, ताई.

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, चाचणी देऊन शाळेच्या विशेष तुकडीत गेला, गणितात नि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत पुढे आहे. पण गृहपाठाची वही घरी राहते, प्रकल्प शेवटच्या रात्री होतो, आणि वर्गाच्या मॅडम म्हणतात, "एवढा हुशार आहे, मग एवढं साधं का जमत नाही?" मी नागपुरातच प्राथमिकला शिकवते आणि शिष्यवृत्तीच्या मुलांचा जादा वर्ग बरीच वर्षं घेतेय. हे वाक्य स्टाफरूममध्ये दर वर्षी कानावर येतं, आणि दर वेळी मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते.

आपण ही मुलं निवडतो कशी, ते आधी बघा. शिष्यवृत्ती परीक्षेचा एक पेपर ७५ प्रश्नांचा, वेळ दीड तास. नवोदयच्या प्रवेशपरीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न. शाळांच्या चाचण्याही बहुधा याच धर्तीवर निघतात. प्रश्न समोर छापलेला, खाली चार पर्याय, गोल काळा केला की पुढचा प्रश्न. त्याला डोकं लागतं, खरंच लागतं. पण उद्या काय आणायचं ते लक्षात ठेवणं, तीन आठवड्यांचं काम थोडं थोडं वाटून घेणं, अर्धवट राहिलेलं पुन्हा हातात घेणं, यातलं काहीच त्या पेपरात तपासलं जात नाही. आणि तुकडीत आल्यावर पहिल्याच महिन्यात आपण नेमकं हेच मागतो. मिळालं नाही की मुलाच्या हुशारीवर शंका घेतो.

खरं तर अशा मुलाला ही सवय लागायला संधीच मिळालेली नसते. पहिली ते तिसरी एकदा ऐकलं की त्याला समजायचं, लक्षातही राहायचं. डायरीत उतरवून घ्यायची गरज पडली ती शेजारच्या बाकावरच्या मुलाला, म्हणून तो शिकला. शिवाय कामाचा बेत आखणं, मन आवरणं, हे सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पिकत असतो. गणितात सातवीतला आणि दप्तराच्या बाबतीत दुसरीतला, असं एकच मूल असू शकतं. त्यात खोटं काही नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आकृत्यांचे प्रश्न वाचता वाचता सोडवायची, कच्च्या कामाला पेन्सिलही उचलायची नाही. नागपूरच्या तलावांवर प्रकल्प दिला, तर शेवटच्या दिवशी कागद कोरा. तोंडी विचारलं तर फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सोनेगाव, सगळ्यांबद्दल भरभरून बोलली. "मग लिहिलं काहून नाही गं?" तर म्हणाली, "सुरू कुठून करायचं तेच नाही समजलं, मॅडम." तिला म्हटलं, या शनिवारी फक्त तलावांची यादी आण. पुढच्या शनिवारी आजोबांना विचारायचे पाच प्रश्न. त्यानंतर एकाच तलावावर एक पान. तिने केलं, आणि मनापासून केलं. हुशारी होतीच, पायऱ्या कुणी दाखवल्या नव्हत्या.

आता शिक्षकांच्या अपेक्षांबद्दल. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा एक प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की ही यंदा झपाट्याने पुढे जातील. नावं निवडली होती नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तरी पुढे पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. वरच्या वर्गांत तसा परिणाम नव्हता, आणि त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वादही झाला. पण वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला त्यातलं एक पटतं. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्या उत्तरासाठी आपण जास्त थांबतो, त्याला जास्त समजावतो, चुकलं तर पुन्हा करायला लावतो. अपेक्षा अशी कामाला येते. हुशारांच्या तुकडीत वह्यांच्या बाबतीत मात्र उलट होतं. "याला काय सांगायचं, याला समजते," असं धरून आपण सांगणंच सोडतो, आणि अपेक्षा तेवढी उरते.

म्हणून मॅडमना भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, मागणी घेऊन जा. प्रकल्पाचे टप्पे तारखांसह मिळावेत. शेवटच्या तासाची पाच मिनिटं गृहपाठ उतरवून घ्यायला आणि दप्तर भरायला मिळावीत. गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असेल तर तो बंद करता येईल का, हेही विचारा. आईच्या मोबाइलवर येणारच आहे म्हटल्यावर मुलाने वर्गात ऐकायचं तरी कशाला? आशयाचे गुण वेगळे आणि टापटीप-वेळेचे वेगळे दिले, तर नेमकं काय कमी पडतंय ते त्यालाही दिसेल. आणि गृहपाठ किती असतो तेही बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास म्हटलंय. विशेष तुकडीत तेवढा रोज मिळत असेल, तर आधी त्यावर बोलायला हवं.

घरी दप्तर तुम्ही भरू नका. रात्री जेवणाआधी त्याला भरू द्या, तुम्ही नुसतं जवळ बसा. मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची होते, तेव्हा तर सकाळी शोधाशोध करायला वेळच नसतो. सुट्या कागदांना एकच फाइल, सगळ्या विषयांची. रविवारी दप्तर जमिनीवर पूर्ण रिकामं करायचं. वही विसरलाच तर ॲक्टिव्हा काढून शाळेत पोचवायला जाऊ नका, मात्र त्याबद्दल संध्याकाळी रागवूही नका.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. खेळताना, जेवताना, आवडीच्या कामातही त्याचं मन टिकत नसेल, किंवा लिहिताना हात दुखतो, अक्षरं गाळली जातात, असं असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभागही आहे. लक्ष टिकण्याची किंवा लिहिण्याची अडचण हुशार मुलांतही असते, आणि गुण चांगले पडतात म्हणून ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

तुकडी बदलायचा विषय शाळेने काढलाच, तर एक पूर्ण सत्र मागून घ्या. वर सांगितलेलं त्या सत्रात खरंच झालं का, हे तारखांनिशी वहीत लिहून ठेवा आणि सत्रअखेरीच्या भेटीत ती वही मॅडमसमोर ठेवा. ते बोलणं होईपर्यंत मुलासमोर हा विषय काढू नका.