वाचकांचे प्रश्न : ड्रोनवरचा आरसा आणि मोबाइलची रेंज

प्रश्न : आमची वाडी डोंगराआड, टॉवर पलीकडे दोन किलोमीटरवर. माथ्यावर ड्रोन उडवून त्याला आरआयएस, म्हणजे हवी तशी दिशा बदलता येणारं परावर्तक पॅनेल, लावलं तर रेंज येईल का?

उत्तर : एवढ्या अंतराला नाही. आरआयएस सिग्नल वाढवत नाही, नुसता वळवतो. पॅनेलवर धातूचे छोटे पॅच असतात, प्रत्येकाला एक डायोड, म्हणजे इथे छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच. तो चालू-बंद करून परतणाऱ्या लहरीचा फेज, म्हणजे तिच्या चढ-उताराची वेळ, बदलायचा, की सगळ्या लहरी ठरलेल्या जागी एका तालात पोचतात. अडचण अशी की टॉवर ते पॅनेल आणि पॅनेल ते फोन या अंतरांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून पॅनेल दोन्हींच्या मधोमध असणं सर्वांत वाईट. ते एका टोकाच्या अगदी जवळ हवं.

३.५ गिगाहर्ट्झला पॅच साधारण ४.३ सेंमी अंतराने बसतात. १६ × १६ पॅचचं पॅनेल ६९ सेंमी चौरस होतं. पॅनेलपासून टॉवर २ किमी आणि वाडी ५०० मीटर धरली, तर मोकळ्या मैदानात अडीच किमीवर मिळतो तेवढा सिग्नल द्यायला सुमारे ३४ चौरस मीटरचं पॅनेल लागेल! आपलं पॅनेल ३७ डेसिबल, म्हणजे सुमारे पाच हजार पट, मागे पडतं. त्यात ताशी ३० किमीचा वारा समोरून आला की दोन किलोच्या आसपास जोर बसतो. झोत जेमतेम सहा अंश रुंद. ड्रोन तीन अंश कलला की झोत सहा अंश सरकतो आणि वाडी चुकते. बॅटरीही अर्ध्या तासात संपते. कंपनीकडे माथ्यावर रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून पुढे पाठवणारं यंत्र, मागा. स्वतः बसवू नका, विनापरवाना रिपीटर बेकायदा आहे.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हाच प्रोजेक्ट करायचाय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ड्रोन बाजूला ठेवा, पॅनेल आधी खांबावर बांधा. ५.८ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा घ्या. तिथे परवाना लागत नाही आणि १६ × १६ पॅनेल ४१ सेंमीत बसतं. एका बिटाच्या फेजने (प्रत्येक पॅचला फेजचे दोनच पर्याय) सुमारे ४ डेसिबल जातात, दोन बिटांनी (चार पर्याय) एकच. पण डायोड आणि वायरिंग वाढतं. पहिल्यांदा एकच बिट पुरे.

२५६ डायोडना ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरच्या (मोजक्या तारांवरून आठ आउटपुट चालवणाऱ्या) ३२ चिप लागतील. दर डायोडला १० मिलिअँपिअर दिले तर आठ आउटपुटचे ८० होतात, चिपची एकूण मर्यादा ७०. दर डायोडला ५ वर ठेवा, नाहीतर चिप तापून मरते आणि ओळीच्या ओळी गप्प होतात.

रीडिंग तीन घ्या : पॅनेलशिवाय, त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून आणि पॅनेल लावून. पत्रा आरशासारखा ज्या कोनात लहर परतवतो, त्यापासून ३० अंश बाजूला पॅनेलचं रीडिंग पत्र्याहून बरं आलं नाही, तर डायोडची दिशा आणि वायरिंग तपासा.

उडवताना ड्रोनच्या आयएमयूचा (कल मोजणाऱ्या सेन्सरचा) कोन कंट्रोलरला देऊन दर वेळी डायोडचा पॅटर्न नव्याने काढावा लागतो. २५० ग्रॅमवरच्या ड्रोनची सरकारी नोंदणी करा आणि हिरव्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात, ४०० फुटांखाली राहा.