हरणाऱ्या संघाचे चाहते

प्रश्न : शिकागो व्हाइट सॉक्सचे बेसबॉल सामने मी पहाटे पावणेसहाला उठून पाहतो. २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरूनही मालकांना धास्ती कशी वाटत नाही?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपला संताप रास्त आहे; १९०० नंतर मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) एका हंगामात इतके पराभव कोणाच्याही वाट्याला आले नव्हते, आणि त्यांतले २१ तर सलग होते. मात्र युरोपीय फुटबॉलप्रमाणे तिथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट नवोदित खेळाडूंच्या निवडीत दुबळ्या संघांना सोडतीद्वारे झुकते माप, म्हणजे आधी निवड करण्याची अधिक संधी, मिळते. या संघाच्या बाबतीत मात्र तेलही गेले, तूपही गेले, कारण उत्पन्नवाटपात (श्रीमंत संघांनी कमी कमाईच्या संघांना हिस्सा देण्याच्या व्यवस्थेत) पैसे देणाऱ्या संघांना सलग दोन वर्षे सोडतीचा लाभ मिळत नाही, या नियमामुळे २०२५ मध्ये त्याला थेट दहाव्या क्रमांकावर निवड करावी लागली.