दोन टेबलांचा कार्यभार, त्यात अधिवेशन तोंडावर. कागदांचा ढीग कसा उपसायचा?

तुमचं स्वतःचं टेबल, वर एका रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार, रोज रात्री साडेआठपर्यंत बसता आणि तरी साहेब म्हणतात पेंडन्सी हलत नाही. प्रश्न पूर्ण वाचला, पण 'रोज रात्री बसतो' इथेच माझं डोकं फिरलं. तेवढं आधी बंद करा.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आहे, पावणेदहा ते सव्वासहा. या वेळात जो कागद हलत नाही तो रात्री आठला हलेल असं म्हणणारे बहुतेक लोक मला दुपारी चारला टपरीवर तर्री-पोह्यासमोर दिसलेले आहेत. नागपुरात सरकारी टेबलावर माझी उमर गेली, त्यामुळे हे ऐकीव नाही.

डिसेंबरचं नागपूर म्हणजे बाकी शहराला मोर्चे, बॅरिकेड आणि झिरो माइलच्या बाजूला जायची चोरी. आम्हाला एलएक्यू, म्हणजे आमदारांनी विधानसभेत विचारलेले प्रश्न. 1953 च्या नागपूर करारामुळे विधानमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथं होतं. 2020 आणि 2021 मध्ये ते कोविडमुळे मुंबईलाच झालं, तरी आमच्या टेबलावरचे प्रश्न काही चुकले नाहीत.

असंच एका वर्षी दुपारी साडेतीनला लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर आमदारानं दिलेली सूचना, येऊन पडली. तालुकानिहाय प्रलंबित प्रकरणं, मागच्या तीन वर्षांची, कारणांसह, 'आज 5 पर्यंत मेलवर'. साहेबांनी फर्मान काढलं, कोणी घरी जायचं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी लगेच नवं प्रपत्र टाइप केलं आणि जिल्ह्याच्या 14 तालुक्यांना फोन लावायला बसले. फोन स्पीकरवर, म्हणजे साहेबांच्या केबिनपर्यंत आवाज जावा. 'काहून जी, तुमची माहिती अजून आली नाही?' पलीकडून उत्तर, 'निरंक पाठवून देतो न भाऊ, काय फरक पडते!' निरंक म्हणजे एकही प्रकरण नाही.

मी कपाटातून नियतकालिकांचा गठ्ठा काढला. आपण दर महिन्याला तालुक्यांकडून जी विवरणपत्रं मागवतो आणि कोणी उघडून बघत नाही, तीच. माझ्याकडे ती वर्षवार लावलेली होती, प्रत्येक वर्षाच्या शेवटी पेन्सिलीनं बेरीज. तीन वर्षांचे आकडे उतरवले, ज्या पानावरून घेतले तिथे पताका लावल्या, टिपणी केली आणि साहेबांपुढे ठेवली. ज्या तालुक्यानं फोनवर निरंक सांगितलं होतं, त्याच्याच मागच्या महिन्याच्या विवरणात अकरा प्रकरणं प्रलंबित होती, त्यांच्याच तहसीलदारांच्या सहीनं. निरंक तसंच वर गेलं असतं तर पूरक प्रश्नाला आमच्या साहेबांची काय शोभा झाली असती, तुम्हीच बघा. पाचच्या आत मेल गेला. सव्वासहाला मी पर्स उचलली.

शेजारचे गृहस्थ अकरापर्यंत थांबले. तेच आकडे त्यांच्या नव्या प्रपत्रात भरत होते, जे कोणी मागितलंच नव्हतं.

पुढे कार्यालयात गुणगौरव झाला. शाल-श्रीफळ त्यांना, 'रात्री उशिरापर्यंत थांबून केलेल्या कामाबद्दल'. माझ्याबद्दल साहेब सगळ्यांसमोर हसत म्हणाले, 'मॅडमची माहिती तर तयारच होती, त्यांना काय त्रास!' तयार होती म्हणजे काय आभाळातून पडली होती? वर्षभर दर महिन्याला लावली म्हणून तयार होती. त्याला काम म्हणायचं नाही, आणि स्पीकरवर ओरडलं की काम? हे मी तेव्हा बोलले नाही, म्हणून इथं बोलते आहे.

आता तुमचं. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा प्रकारांत वेगळे लावणं, प्रशिक्षणात शिकवली असेलच आणि बाहेर पडल्यावर तुम्ही विसरला असाल. प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे दोन गठ्ठे आधी वेगळे करा, बाकीचे चार नंतर बघू. ज्यात तुम्ही खाली पत्र पाठवून उत्तराची वाट बघताय तो कागद तुमच्या छातीवर कशाला? प्रतीक्षाधीन नोंदवहीत घ्या, स्मरणपत्राची तारीख टाका. ढीग निम्मा खाली येतो, मी कैकदा पाहिलंय. 'ड' वर्गाचे कागद वर्षानंतर नष्ट करायचे असतात, आणि लोक त्यावरच टिफिन ठेवून जेवतात.

मुदतीचं म्हणाल तर प्रत्येक पत्रावर 'अत्यंत तातडीचे' असतंच, त्याला भिऊ नका. 2005 च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्यात स्पष्ट आहे: नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांच्या वर नको, तातडीची चार दिवसांत, तात्काळची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तुमच्या फायली या तीनांत बसवा. आणि वरच्या कार्यालयातल्या डेस्कला फोन करून सरळ विचारा, 'तुम्हाला पुढं कधी द्यायचंय जी?' पुष्कळदा 'आज 5' चं उद्या दुपार होतं. विधानमंडळाच्या कामाला मात्र ही हुशारी लावू नका. तिथं पाच म्हणजे पाच.

हां, एक सांगायचं राहिलं. हे सगळं एका टेबलाला पुरतं, दोन टेबलांना पुरेलच असं नाही. गठ्ठे लावून माणूस पैदा होत नाही. दर आठवड्याचा गोषवारा काढा, दोन्ही टेबलांचा वेगवेगळा, आणि अतिरिक्त कार्यभारात किती आवक झाली ते टिपणीवर साहेबांकडे जाऊ द्या. तोंडी रडगाणं कोणी ऐकत नाही, आणि उद्या विलंबाची विचारणा झाली तर तीच टिपणी तुमच्या बाजूनं उभी राहते. कार्यभार घेताना प्रलंबित नस्त्यांच्या यादीवर आधीच्या माणसाची सही घेतली नसेल तर बदलीच्या गावी फोन करून आता घ्या. ई-ऑफिस असेल तरी हेच करा, स्क्रीनवर ढीग दिसत नाही एवढाच फरक.

आमचे हे आजही म्हणतात, 'तू थोडं थांबली असती तर शाल तुला मिळाली असती.' मिळाली असती. पण शेजारच्या गृहस्थांची बदली झाली तेव्हा त्यांचं टेबल माझ्याकडे आलं, आणि खालच्या खणात तालुक्यांची न फोडलेली पाकिटं निघाली, त्या लक्षवेधीच्या महिन्यातली सुद्धा.