पोराला बापाकडे पाठवायची भीती वाटते, हे कोर्टात सांगायचं कसं?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, मुलाला तिकडे पाठवायला जीव घाबरतो, पण हे कोर्टात बोलले तर म्हणतील ही बाई पोराला बापापासून तोडतेय, आणि नाही बोलले आणि उद्या काही झालं तर सगळे विचारतील तेव्हाच का नाही सांगितलंस. इकडे आड तिकडे विहीर.

एक केस सांगते, त्यातच उत्तर आहे. नावं आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सुजाता म्हणू तिला. माहेर इंदिरानगर, सासर नाशिकरोड, नवरा अंबडला एका कंपनीत सुपरवायझर, मुलगा सात वर्षांचा. भांडणं झाली, ती माहेरी आली, मग नवऱ्याने कस्टडीचा अर्ज टाकला आणि तोपर्यंत दर शनिवार-रविवार मुलगा मुक्कामाला द्या असंही मागितलं. ती आली ती वकिलांनी केलेला 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, हातात घेऊनच. अर्जदार हा व्यसनी, तापट व बेजबाबदार स्वभावाचा असून वगैरे वगैरे. आता हे वाक्य मी इतक्या कागदांत वाचलंय की पुढचं न बघता म्हणून दाखवेन, मग जजसाहेबांचं काय होत असेल विचार करा. समोरच्या अर्जात असतंच की सामनेवाली हट्टी आहे, माहेरच्यांच्या सांगण्यावर चालते. दोन्हीकडची विशेषणं एकमेकांना खाऊन टाकतात आणि पोराचं जे खरं आहे ते राहून जातं बाजूला.

मी म्हटलं, व्यसनी म्हणजे नक्की काय झालं ते सांग. आधी रडली, मग सांगायला लागली. शनिवारी सुटला की मित्रांसोबत बसतो, घरी येतो आणि पोराला गाडीवर चक्कर मारायला नेतो, पोराला आवडतं म्हणून, ते पण हायवेने पाथर्डी फाट्यापर्यंत. एकदा गाडी घसरली, पोराच्या कोपराला टाके पडले. दवाखान्याचा कागद आहे का? आहे. मग 'से'मध्ये का नाही गं? तर म्हणे, "त्यांनी कुठे मारलं त्याला, ॲक्सिडेंटच होता ना तो."

गोची इथेच आहे. मुलाला धोका म्हटलं की आपल्या डोक्यात मारहाण येते नाहीतर ते दुसरं घाणेरडं, बाकी सगळं 'सांभाळून घ्यायचं' मध्ये जातं. पिऊन गाडीवर नेणं हा धोकाच आहे, बापाचं पोरावर कितीही प्रेम असलं तरी. आणि प्रेम होतं, हेही लिहिते.

मुलाला मी वेगळं भेटले. कोर्ट, आई, बाबा, काही म्हणजे काही विचारलं नाही, खेळण्यातल्या गाड्या घेऊन खाली बसलो. खेळता खेळता तो आपणहून म्हणाला, मी बाबांच्या गाडीवर पुढे बसतो, मागे बसलं ना की बाबा डुलतात मग मी पण पडतो. एवढं बोलून परत गाडी पळवायला लागला. पढवलेलं पोर असं बोलत नाही हो. पढवलेलं पोर 'बाबा बेजबाबदार आहेत' असं मोठ्यांच्या भाषेत बोलतं आणि ते लगेच कळतं, जज आपल्या खोलीत, चेंबरमध्ये, मुलांशी स्वतः बोलतात तेव्हा. म्हणून घरी अजिबात प्रॅक्टिस घेऊ नका. आणि ते 'नऊ वर्षांचा झाला की तो ठरवेल' असं जे कट्ट्यावर सांगतात तसं काही कायद्यात नाही. १८९० च्या गार्डियन्स ॲन्ड वॉर्ड्स ॲक्टमध्ये एवढंच आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं, निर्णय मुलावर टाकलेला नाही, आणि तेच बरंय.

पुढच्या वेळी तिला तारखा आणायला सांगितल्या होत्या. आणलं काय, तर जुनं कालनिर्णय! दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, आणि शनिवारच्या कितीतरी चौकटींत पेन्सिलने बारीक 'पिऊन'. घर सोडताना कॅलेंडर कशाला घेतलंस म्हटलं, तर म्हणे दूधवाल्याचा हिशोब राहिला होता. मला हसू पण आलं आणि भरून पण आलं. टाक्यांच्या कागदावरची तारीख आणि त्यातली एक चौकट जुळत होती. वकिलांना म्हटलं हे लावा. ते म्हणाले पुरावा म्हणून चालेल का, पण फॅमिली कोर्टाचं १९८४ च्या कायद्यातलं कलम १४ त्यासाठीच तर आहे, वाद मिटवायला उपयोगी पडेल असं वाटलं तर कोर्ट असे कागद बघू शकतं, पुराव्याच्या कायद्यात बसत नसले तरी.

आता तोडतेय म्हणतील या भीतीबद्दल. १९५६ च्या हिंदू मायनॉरिटी ॲन्ड गार्डियनशिप ॲक्टचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर, आई-बापाचा हक्क त्याच्या खाली. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे हेही त्याच कायद्यात आहे, पण 'शक्यतो', आपोआप नाही. २००८ साली निलरतन कुंडू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बापाला दिलेला ताबा रद्द केला, कारण त्याच्यावर बायकोच्या मृत्यूबद्दल क्रिमिनल केस चालू होती आणि खालच्या कोर्टांनी ते नीट बघितलंच नव्हतं. म्हणजे धोका मांडणं हे भांडण उकरणं नाही, कोर्टाला ते बघायचंच असतं. पण मुलाला दोघांचा सहवास मिळावा हेही तेच कोर्ट सांगतं, २०२० च्या यशिता साहू केसमध्ये तर भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलपर्यंत बोललेत. म्हणून 'कधीच भेटू देऊ नका' असं मागितलं की तुम्हीच अडकता. भीती कशाची आहे तेवढीच अट मागा.

सुजाताने नवा 'से' दिला, त्यात विशेषण एकही नाही. मागणं असं की रविवारी दिवसा भेट, बापाकडच्या आजी-आजोबांच्या घरी, मुक्काम नाही, आणि ने-आण नवऱ्याच्या गाडीवर नाही. नवरा चिडला, माझ्याकडेही आला, "माझ्या पोराला मी एक चापट मारली का कधी?" नाही मारली, मी मान्य केलं. मग कोपराबद्दल विचारलं तेव्हा तो बराच वेळ चपलांच्या रॅककडे बघत बसला. तोडगा काढला तो आजोबांनी. कोर्टात म्हणाले, साहेब मीच रिक्षाने आणीन आणि सोडीन. म्हातारा सगळं जाणून होता, फक्त त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

ऑर्डर जवळपास तशीच झाली.

काही गोष्टी मात्र थांबणाऱ्या नसतात. लैंगिक छळाचा संशय असेल तर तारखेची वाट बघायची नाही, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो कायदा आहे, त्याखाली कळवावंच लागतं, मलासुद्धा, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते की तिथे माझी गुप्तता संपते. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, तातडीचं असेल तर ११२ लावा. घरात तुम्हालाच मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला घातक वाटली तर नाकारूही शकतात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि ऑर्डर झाल्यावर भीती वाटली म्हणून परस्पर पोराला पाठवणं बंद करू नका हो, ऑर्डर बदलायचा अर्ज टाका. ताब्याच्या ऑर्डरी कायमच्या नसतात, १९७३ च्या रोझी जेकब केसपासून हे ठरलेलं आहे.

आणि हे फक्त आयांसाठी नाही. सातपूरचे एक बाबा येतात, त्यांची भीती आईच्या घरी येणाऱ्या माणसाबद्दल आहे. त्यांनाही हेच सांगते, आईचं चारित्र्य वगैरे काढू नका, पोरीने काय सांगितलं, कधी सांगितलं, त्यानंतर ती शाळेत कशी वागली तेवढंच लिहा.

सुजाताचा परवा फोन होता. नवरा व्यसनमुक्तीला जातोय म्हणे, मे महिन्यात आठ दिवस मुक्काम मागतोय, पाठवू का? म्हटलं आधी दोन रात्री, आजोबा घरी असताना, रोज संध्याकाळी पोराशी फोनवर बोलणं आणि गाडीची अट तशीच, आणि हे तोंडी ठरवू नका, दोघांनी सही करून वकिलांकडून कोर्टात दाखल करा. ती म्हणाली आजोबांना चालेल का विचारते.