भाजल्यानंतर उंचावलेले व्रण लेझर आणि औषधाने बसतात का?

बसतात, पण पूर्ण पुसले जात नाहीत. व्रण मऊ होणं, खाज आणि ओढ कमी होणं हाच खरा फायदा, आणि सांध्यावरच्या व्रणात तो दिसण्यापेक्षा मोलाचा.

लालसर, ताज्या व्रणाला पल्स्ड डाय लेझर (५९५ नॅनोमीटर) देतात. तो रक्तवाहिन्यांवर काम करतो. जाड, कडक व्रणाला फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर. हा त्वचेत सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्रं पाडतो, मधली त्वचा शाबूत ठेवतो. त्याच छिद्रांवर लगेच ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सोडलं की औषध खोलवर मुरतं. नुसतं इंजेक्शन कडक व्रणात शिरता शिरत नाही आणि दुखतंही भरपूर. स्टेरॉइड जास्त झालं तर मात्र त्वचा पातळ पडते, खड्डा किंवा पांढरा डाग येतो. काही वेळा ५-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध जोडतात. गरोदरपणात ते अजिबात नको.

सत्रं अनेक लागतात, दोन सत्रांमध्ये साधारण ४ ते ८ आठवड्यांचं अंतर. सावळ्या त्वचेवर काळे डाग पडू शकतात, म्हणून लेझरची तीव्रता बेताची हवी आणि उन्हापासून जपायला हवं. व्रणावर लावायची सिलिकॉन जेल शीट (मऊ चिकटपट्टी) चालूच ठेवा.

व्रण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल तर तो केलॉइड असू शकतो. तो पुन्हा उलटतो, त्यामुळे आधी निदान पक्कं करून घ्या.