तीन पानांचं पत्र आणि डाळिंबाच्या चार ओळी

प्रश्न : बी.एस्सी. ॲग्री केलंय, वय 29. पाच वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. पूर्व दोनदा निघाली, मुख्य नाही. आता एक क्लासवाले शिकवायला बोलावतायत. गावाकडची पोरं फोन करतात, ‘दादा, आम्ही काय करू?’ सर, मीच कुठं पोचलो नाही, त्यांना काय सांगू? (सांगोला तालुका)

उत्तर :
तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन पानांत कटऑफ, अभ्यासिकेची फी आणि मेसचं जेवण. फक्त चार ओळी वेगळ्या होत्या. दिवाळीला घरी गेलात तेव्हा डाळिंबाच्या खोडाला टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं दिसली, वडील ‘राहू दे’ म्हणत असताना तुम्ही अकरा झाडं मुळासकट काढून जाळायला लावलीत आणि आठवड्यात शेजारचे तिघं आपापली खोडं दाखवायला तुम्हाला घेऊन गेले. हे तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून लिहिलंय. माझ्या लेखी पत्र तेवढंच आहे. कारण तिथं तुम्ही ‘मला काय येतं’ असं विचारत बसला नाहीत.

क्लासचं लगेच ‘हो’ म्हणू नका. मुख्य परीक्षा न निघालेल्या माणसानं शिकवू नये असं माझं मत नाही; चांगले शिकवणारे असे पुष्कळ आहेत. पण आत्ता तुम्ही शिकवायला जाल ते पुण्याच्या पेठेतून, या परीक्षेच्या जगातून बाहेर पडायचं टाळण्यासाठी. पोरांना ते दुसऱ्या तासाला कळतं.

वडील हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना फुलवायचा बहार, धरणार म्हणताय ना? मग या वेळी पाहुण्यासारखे जाऊ नका. फुलं यावीत म्हणून पाणी तोडून झाडाला ताण देतात, तिथपासून फळ उतरेपर्यंत थांबा. पावसात ताण नीट बसत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं. रोज वहीत लिहा: पाणी किती, फवारणी कोणती, तेल्या रोगाचे डाग कधी दिसले, खर्च किती झाला. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ही वही घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा. रिकाम्या हातानं गेलात तर माहितीपत्रक मिळेल, वही नेलीत तर बोलणं होईल.

पुढं जमलं तर शेतकऱ्यांना सल्ला-सेवा देण्याचा व्यवसाय उभा करण्यासाठीची केंद्र सरकारची ॲग्री क्लिनिक योजना बघा. 2002 पासून चालू आहे, कृषी पदवीधरांना 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं, प्रकल्पाला कर्ज आणि अनुदानाची सोय आहे. मात्र गल्ल्यावर बसून औषधांच्या बाटल्या खपवायच्या असतील तर तो धंदा झाला, सल्ला नव्हे. दोन्ही करा हवं तर, पण गल्लत नको.

परीक्षा कायमची सोडा असं मी म्हणत नाही. खुल्या प्रवर्गालाही राज्यसेवेची वयोमर्यादा 38 आहे. मुख्य परीक्षा आता पर्याय निवडायची न राहता सविस्तर उत्तरं लिहायची झालीय आणि वैकल्पिक विषयांत कृषी आहे. बागेत बसूनही एखादा प्रयत्न देता येईल. पेठेतली भाड्याची कॉट मात्र या महिन्यातच सोडा, डिपॉझिट मागून घ्या.

आणि फोन करणाऱ्या पोरांना आत्ताही सांगण्यासारखं तुमच्याकडं आहे. पाच वर्षांत खर्च किती झाला, कोणत्या वर्षी थांबायला हवं होतं, घरी काय लपवलंत. हे त्यांना कुठल्याच क्लासात कुणी सांगणार नाही. त्यातल्या एखाद्याला बागेत बोलवा, छाटणीच्या दिवशी. हाताला काम असलं की पोरं खरं विचारतात.

त्याआधी वडिलांना फोन करून विचारा, पाणी कधी तोडताय?