लग्नाला सात वर्षं झाली. पूर्वीसारखी ओढ नाही, पण एकमेकांशिवाय करमतही नाही. मानसशास्त्रात अशा प्रेमाला काय म्हणतात? ते संपत चाललंय का?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्गच्या १९८६ सालच्या, प्रेमाचे तीन घटक मानणाऱ्या त्रिकोणी सिद्धांतात याला सहचर प्रेम म्हणतात. जवळीक आणि बांधिलकी भक्कम, आवेग (म्हणजे ओढ) ओसरलेला. संपलेलं अजिबात नाही. प्रश्नाचं उत्तर इथेच झालं, पण नाव कळल्याने तुमचं काही अडलेलं सुटणार नाही.

कारण 'प्रकार' म्हटलं की लोक या तीन घटकांच्या असण्या-नसण्यावरून केलेला आठ खोक्यांचा तक्ता पुढे करतात आणि नातं त्यातल्या एकात कोंबतात. या तक्तेवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. स्टर्नबर्गनेच म्हटलंय की तिन्ही घटक कमी-अधिक असतात आणि बहुतेक नाती दोन प्रकारांच्या मधे कुठेतरी पडतात. जॉन अ‍ॅलन लीच्या १९७३ सालच्या सहा प्रेमशैलींचंही तेच. जोडीदार बदलला की त्याच माणसाची शैली बदलू शकते. तेव्हा 'आमचं स्टोर्गे' (लीच्या यादीतली मैत्रीतून हळूहळू फुलणारी शैली) असं रक्तगटासारखं सांगत फिरू नये.

मोजायचंच असेल तर घटक मोजा. स्टर्नबर्गच्या प्रश्नावलीत ४५ विधानं आहेत, प्रत्येक घटकाची १५, आणि प्रत्येक विधानाला १ ते ९ गुण. दोघांनी वेगवेगळं बसून भरायची, एकमेकांचा कागद न बघता. तीही दोनदा: एकदा आत्ता आहे तसं, एकदा हवं आहे तसं. मग घटकवार सरासरी काढा. कामाचा आकडा म्हणजे या दोन सरासरींमधला फरक. ज्याला आवेग ५च हवाय आणि ५च आहे, त्याला काही दुखत नाही. ८ हवा असलेल्याला तोच ५ खुपतो. भांडणाच्या दिवशी किंवा सहलीहून परतल्या परतल्या भरू नका. तिन्ही घटकांचे गुण एकमेकांत बरेच मिसळलेले असतात, मन खूश असलं की सगळेच वर चढतात. एखाद्या गुणाच्या फरकावरून निष्कर्ष काढणं फोल.

आवेग ओसरतो का? बाउमाइस्टर आणि ब्राटस्लाव्स्की यांची १९९९ची मांडणी मला सगळ्यांत पटते. जवळीक किती आहे यावर आवेग ठरत नाही, ती किती वेगाने वाढतेय यावर ठरतो. सुरुवातीला रोज नवं काही कळतं, म्हणून धडधड. सात वर्षांनी जवळीक शिगोशीग भरलेली, पण वाढ जवळपास शून्य. कडाक्याच्या भांडणानंतर समेट झाला की ओढ उसळते तीही याच हिशेबाने: तुटलेली जवळीक तासाभरात परत चढते. (म्हणून मुद्दाम भांडणं उकरू नयेत. असे महाभागही असतात.)

उपाय यातूनच निघतो, आणि 'एकत्र वेळ घालवा' हा तो नव्हे. रीसमन, अ‍ॅरन आणि बर्गन यांनी १९९३च्या प्रयोगात जोडप्यांना १० आठवडे, आठवड्याला दीड तास, एकत्र काहीतरी करायला लावलं. नुसत्या सुखद गोष्टी करणाऱ्यांपेक्षा रोमांचक गोष्टी करणाऱ्यांचं नात्यातलं समाधान जास्त भरलं. दोघांनी करून बघायच्या गोष्टींच्या स्वतंत्र याद्या करा आणि दोघांनाही न येणारी गोष्ट निवडा. एकाला येत असली की तो चुका काढत बसतो आणि दीड तास शिकवणीत जातो.

'एवढ्या वर्षांनी कसली ओढ, पोरकटपणा नुसता' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचंही ऐकू नका. असेवेडो आणि अ‍ॅरन यांच्या २००९च्या आढाव्यानुसार दीर्घ नात्यांतही उत्कटता टिकू शकते. तिच्यासोबतचा ध्यास, डोक्यात सतत तोच विचार, तेवढा गळतो.

अर्थात हे सगळं शरीर ठीक असेल तर. नैराश्य, अपुरी झोप, बाळंतपणानंतरचे महिने, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांनी कामेच्छा घटते. प्रश्नावली मग आवेग कमी दाखवते आणि खापर नात्यावर फुटतं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका. आणि ओढ जोडीदाराच्या भीतीने आटली असेल, तर वरचं काहीही करू नका. खरी उत्तरं लिहिलेला कागद त्याच्या हाती पडणं तिथे धोक्याचं. समुपदेशकाला एकट्यानेच भेटा.